तांदळाची वही

सेमिनरीचा इतिहास लिहायचा म्हणून
फादर बर्थोल परवा स्वयंपाकघरात आले.
ऑफिसातली दप्तरं वाळवीनं खाल्ली, म्हणाले,
तुझ्याकडे काही आहे का, इनास?

माझ्याकडे तांदळाची वही आहे.
बापानं सुरू केलेली, पास्कू कुझनेरानं.
त्याला अक्षर येत नव्हतं, आकडे यायचे.
मुलगा आला की एक उभी रेघ,
गेला की तिच्यावर आडवी.

पहिल्या पानावर सात रेघा, दोन शेर उकडे.
तेव्हा छप्पर नव्हतं, माडाची झापं होती.
मुलं सकाळी लॅटिन घोकायची,
दुपारी खाडीवरून जांभ्याचे चिरे वाहायची,
आणि रूप चुकलं तर आणखी एक चिरा.
बाप म्हणायचा, उत्तरेची भिंत
सगळी चुकांची आहे.
खरंच ती अजून ओलावत नाही.

फादर एमिल्यान सायकलवरून वाडी-वाडी फिरायचे,
खाडी आली की सायकल होडीत, झगा कमरेला.
ओटीवर बसून पेज प्यायचे आणि मग विचारायचे,
एक पोर देवाला द्याल का?
वेंगुर्ल्याच्या एका बाईनं जाळं विणता विणता
मानसुद्धा वर केली नाही.
'थोरलो होडयेर जाता. धाकट्याक न्हेवा.'
तो धाकटा लिगोर. पुढे बिशपांचा सेक्रेटरी झाला.
त्याला पाचारण आलं का होडीत जागा नव्हती,
वहीत काही नाही.

मग चौसष्ट रेघांचं वर्ष.
पाच पायल्या, दोन चुली, कुळथाची पिठी हंड्यात.
त्याच सुमाराला मिस्सा मराठीत आली,
आणि पाट्यावर वाटण वाटताना
माझी आई पहिल्यांदा म्हणाली,
आता कळता, काय मागतत ते.

रुमाल्द आल्मेद त्याच वर्षीचा.
ज्या रात्री मागच्या दाराशी उभा राहिला
त्या रात्री मी चुलीत राख ओढत होतो.
हातात पत्र्याची पेटी, पायात चपला नाहीत.
खंय चल्लंस, असं मी विचारलं नाही.
दोन भाकऱ्या, एक सुका बांगडा
कागदात बांधून दिला, कडी काढली.
कडी वाजते म्हणून तिला खोबरेल लावून ठेवलेलं होतं.
बापानंच. केव्हापासून, कुणासाठी,
मी विचारलं नाही.

आता मालवणात त्याचा बर्फाचा कारखाना आहे.
नाताळाच्या आदल्या दिवशी
सुरमईची पेटी येते, वर नाव नसतं.

फादर बर्थोलनी चष्मा पुसला, पानं उलटली.
यातले धर्मगुरू झालेले कोणते, इनास?
आणि सोडून गेलेले?
मीही बापाला हेच विचारलं होतं, बारा वर्षांचा असताना.
दीक्षा घेऊन गेलेल्यावरही तीच आडवी रेघ,
भिंत चढून गेलेल्यावरही तीच.
तो डाळीतले खडे वेचत होता.
'दोगांचीय ताटां उणी झाली,' म्हणाला.

फादर काही बोलले नाहीत. बिचारे दमलेत.
गेल्या महिन्यात सात शाळा केल्या, लॅपटॉप घेऊन.
पाचारण शिबिराला एकतीस मुलं आली.
वडे संपले. अर्ज एक.

तो एक दोडामार्गच्या डोंगरातला, आनास्तास.
समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथंच.
पेडव्याचे काटे काढता येत नाहीत त्याला,
मी शेजारी बसून शिकवतो,
लांबलचक टेबलाच्या एका टोकाला
आम्ही दोघं आणि तीन म्हातारे फादर.
तांदूळ काढताना हात अजून पायलीकडे जातो.

वही न्यायची होती त्यांना, छापखान्यात.
म्हटलं, सोमवारनंतर न्या.
सोमवारी पोर दोन दिवस घरी जाणार आहे,
बहिणीच्या लग्नाला, म्हणतो.
पेटी मात्र सगळी भरली आहे त्यानं.
मी पाहिलं नाही असं दाखवलं,
आणि कडीला तेल आहे का, तेवढं बघून आलो.